जर्मनीत विद्यार्थी परवाना वाढवताना पैसे ‘दाखवायचे’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मास्टर्सचं तिसरं सेमिस्टर चालू आहे आणि निवास परवाना दहा आठवड्यांनी संपतोय. येताना भरलेलं ब्लॉक्ड अकाउंट (महिन्याला ठरलेलीच रक्कम सुटते ते बंदिस्त खातं) आता रिकामं झालंय. वेर्कश्टुडेंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करून, महिना ९५० युरो ब्रुटो (कपातीआधीचा पगार) मिळतात, पण करार अजून सहाच महिन्यांचा आहे. बाबांची एफडी आहे, ती मोडायची त्यांची इच्छा नाही. एक मित्र आठ हजार युरो पंधरा दिवसांसाठी खात्यात टाकायला तयार आहे. स्टेटमेंट काढायचं आणि पैसे परत करायचे. श्टुटगार्टचा मामेभाऊ ‘कसली ती सही असते, मी करतो’ म्हणतोय. आणि या सगळ्यात बहिणीचं लग्न आहे, तर मध्ये घरी जाऊन येता येईल का, हेही विचारलंय.

गेली अकरा वर्षं मी इथल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्ला कक्षात बसते. मी वकील नाही, आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परवाने देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयाची माणूसही नाही. टेबलाच्या अलीकडच्या बाजूने शेकडो फायली पाहिल्यात, त्यातून जे कळलं ते सांगते. एक मात्र आधीच सांगते: कायदा सगळ्या देशाला एक, पण तो वाचणारी कार्यालयं शहरागणिक वेगळी. म्युनिकला जो कागद डोळे झाकून घेतात तोच एखाद्या छोट्या गावातल्या बाई परत करतात, आणि उलटंही होतं. त्यामुळे तुमच्या शहराच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरची कागदपत्रांची यादी माझ्या शब्दापेक्षा मोठी.

तुम्ही विचारलंय, ‘खात्यात किती दाखवावे लागतात?’ मला वाटतं, अडचण इथूनच सुरू होते. आपल्याकडे व्हिसा म्हटलं की बँक बॅलन्स दाखवायचा, ही सवय डोक्यात पक्की बसलेली असते. इथला कायदा शिल्लक विचारत नाही, ‘उदरनिर्वाहाची निश्चिती’ विचारतो. परवान्याच्या पुढच्या काळात तुम्ही सरकारी मदतीवर न जाता दर महिन्याला जगू शकाल का, आणि ते पैसे कुठून येणार, एवढंच त्या टेबलापलीकडच्या माणसाला स्वतःची खात्री पटेल अशा कागदांत बघायचं असतं. एका दिवसाची शिल्लक म्हणजे फोटो. त्यांना हवा असतो वर्षभराचा हिशोब.

आता आकडा. १ सप्टेंबर २०२४ पासून तो महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४. हा कुणी टेबलाखालून काढलेला नाही. जर्मन विद्यार्थ्यांना बाफ्योग नावाची जी सरकारी शिक्षणमदत मिळते तिच्या कमाल दराशी तो बांधलेला आहे. त्याचे तुकडे बघा: मूळ गरज ४७५, घरभाडं ३८०, आरोग्य विमा १०२, शुश्रूषा विमा ३५. बेरीज ९९२. म्युनिकमध्ये ३८० युरोत खोली मिळाली तर मलाही कळवा! सांगायचा मुद्दा हा की हा आकडा खऱ्या खर्चाचा नाही, कायद्याने मानलेल्या खर्चाचा आहे. तेवढा सिद्ध झाला की कायद्याच्या दृष्टीने तुमची सोय झाली. शिवाय विम्याचे पैसे त्यातच धरलेले आहेत, त्यामुळे ‘९९२ अधिक विमा’ असा हिशोब करून उगाच घाबरू नका. विद्यापीठ फी घेत असेल तर मात्र ती वेगळी. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. तिथे असाल तर तेही कुठून भरणार ते विचारलं जाऊ शकतं.

हा आकडा बदलत राहतो. २०१८ साली ७२०, २०२१ मध्ये ८६१, २०२३ मध्ये ९३४ आणि आता ९९२. दर वेळी दोनचार मुलं जुन्या आकड्याने हिशोब करून येतात, कारण वरच्या बॅचच्या सिनियरने तसं सांगितलेलं असतं. येताना खातं उघडलं त्या दिवशीचा आकडा तुमच्या कामाचा नाही, अर्ज करता त्या दिवशीचा आहे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदा बघून घ्या.

मित्राच्या आठ हजारांचं स्पष्टच सांगते: करू नका. नीतीचं प्रवचन देत नाही, व्यवहार सांगते. बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांची स्टेटमेंट्स मागतात. त्यात दर महिन्याला ८६० जमा, ८४० खर्च, शिल्लक शंभराच्या आत, आणि शेवटच्या पानावर एकदम आठ हजार, पाठवणाऱ्याचं आडनाव वेगळं. हे पान मी इतक्यांदा पाहिलंय की लांबूनच ओळखू येतं, आणि समोरच्या अधिकाऱ्याने माझ्यापेक्षा दहापट जास्त वेळा पाहिलेलं असतं. मग प्रश्न येतो, हे पैसे कसले? ‘उसने’ म्हणालात तर ते तुमचे नाहीत, परत द्यायचे आहेत, म्हणजे हिशोबात शून्य. ‘माझेच’ म्हणालात तर परवान्यासाठी खोटी माहिती दिली असं होतं, आणि निवास कायद्याच्या कलम ९५ मध्ये त्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रक्कम किरकोळ, पण फायलीवर जी शंकेची खूण पडते ती पुढे नोकरीचा परवाना, कायम निवास, सगळीकडे तुमच्याबरोबर फिरते. आणि गंमत अशी, की तुम्हाला त्या आठ हजारांची गरजच नाहीये.

कशी ते बघा. ९५० ब्रुटोवर वेर्कश्टुडेंटला फक्त पेन्शनची वर्गणी कापली जाते, जास्तीत जास्त ९.३ टक्के; एवढ्या पगारावर ती सहसा त्याहून कमी असते, पण आपण सावधपणे पूर्ण धरू. एवढ्या पगारावर आयकर लागत नाही. म्हणजे हातात निदान ८६२ येतात. हवेत ९९२. फरक महिन्याला १३०, वर्षाला १,५६०. एवढाच खड्डा भरायचा आहे! तुम्ही मात्र मनात अख्खे ११,९०४ धरून बसलात, कारण पहिल्या वेळी तेवढे भरले होते. पहिल्या वेळी तुम्हाला इथलं काही उत्पन्न नव्हतं, आता आहे. परवाना वाढवताना मार्ग एकत्र करता येतात, थोडा पगार, थोडं ब्लॉक्ड अकाउंट, असल्यास शिष्यवृत्ती, आणि माझ्या पाहण्यात तरी बहुतेक कार्यालयं हे मान्य करतात.

पण तुमचा करार सहा महिन्यांचा आहे, इथे गोम आहे. अधिकारी करार संपेपर्यंतचाच पगार धरणार. मग हिशोब असा होतो: पहिले सहा महिने १३० ची तूट, म्हणजे ७८०, पुढचे सहा महिने पूर्ण ९९२, म्हणजे ५,९५२. एकूण ६,७३२. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा, १,५६० आणि ६,७३२. मधला फरक एका कागदाचा आहे, करार वाढवल्याचं पत्र. म्हणून माझ्या मते तुमचं पहिलं काम बँकेत नाही, तुमच्या मॅनेजरकडे आहे. ‘परवान्यासाठी लागतंय, करार वर्षभराने वाढवून आत्ताच लेखी मिळेल का?’ एवढं विचारायचं. आपली मुलं हे विचारायला लाजतात, का कोण जाणे. इथे वेर्कश्टुडेंट ठेवणाऱ्या कंपन्यांना अशा पत्राची सवय असते. वाढीव करार नाही जमला, तर निदान ‘वाढवण्याचा आमचा मानस आहे’ असं एच.आर.चं सहीचं पत्र घ्या. ते करारासारखं बंधनकारक नसतं, पण काही अधिकारी त्याला वजन देतात. प्रोबेशन संपलेलं असेल तर तेही त्या पत्रात येऊ द्या.

पगार दाखवताना आणखी एक काळजी. तो पगार तुमच्या परवान्याच्या मर्यादेत बसणारा हवा. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं (आधी १२० आणि २४० होते), आणि शिकवणीच्या काळात आठवड्याला वीस तासांच्या आत राहिलात तर आठवडा सरसकट अडीच दिवसांचा धरता येतो. विद्यापीठातली सहायकाची कामं या मोजणीत येत नाहीत. तुमचं ९५० चं काम यात बसेल असं दिसतं. पण कुणी सुट्टीतली पूर्णवेळची तीन पगारपत्रकं जोडून ‘बघा, मी महिना १,८०० कमावतो’ म्हणालं, तर अधिकारी विचारणारच की मग अभ्यास कधी करता? परवाना शिकण्यासाठी आहे, हे त्या फायलीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं.

रोख मिळणारे पैसे विसरा. शनिवार-रविवार कुठे हॉटेलात वाढप्याचं काम करून हातात आलेल्या नोटा खात्यात भरल्या, तरी त्या उत्पन्न ठरत नाहीत; उलट ‘हे कुठून?’ हा प्रश्न मात्र उभा राहतो.

राहिलेला खड्डा बाबा भरतील. त्यांच्या एफडीची पावती मात्र जोडू नका, निदान तिच्या भरवशावर राहू नका. बाबांच्या लेखी ती आयुष्याची पुंजी आहे; इथल्या अधिकाऱ्याच्या लेखी ती परक्या देशातला, दुसऱ्याच्या नावाचा, तुमच्या हाती कधी येईल हे माहीत नसलेला कागद आहे. हे त्यांना फोनवर सांगताना सांभाळून सांगा, मनाला लागतं. एफडी मोडायची नसेल तर तिच्यावर बँकेतून कर्ज काढता येतं. व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडं वर असतं, पण एफडी जागेवर राहते. पाठवायची रक्कम एवढी छोटी असल्याचा एक फायदा म्हणजे एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत परदेशी पाठवलेल्या पैशांवर टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही. अख्खे ११,९०४ पाठवले असते तर युरोच्या शंभर रुपयांच्या आसपासच्या दराने ही मर्यादा ओलांडली असती. १,५६० किंवा अगदी ६,७३२ सुद्धा आरामात आत बसतात, अर्थात बाबांनी याच वर्षी आधी काही पाठवलं नसेल तर. बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरताना कारण ‘परदेशातील शिक्षण’ हेच लिहायला सांगा.

पैसे नव्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये जाऊ द्या, साध्या खात्यात नको. साध्या खात्यातले १,५६० तुम्ही उद्या काढून फोन घेऊ शकता, हे अधिकाऱ्यालाही कळतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ठरलेलीच रक्कम सुटते, म्हणून त्या कागदावर त्यांचा विश्वास. बऱ्याच ठिकाणी महिन्याची रक्कम आपल्याला ठरवता येते. १३० लावून घ्या.

आणि पाठवताना वर थोडे जास्त पाठवा. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी आली होती, रडवेली. घरून बरोब्बर ११,९०४ पाठवले होते, एक सेंट कमी नाही की जास्त नाही. वाटेतल्या बँकेने आपला खर्च कापला आणि खात्यात पडले ११,८८६. खातं उघडणाऱ्यांनी पुष्टीपत्र दिलं नाही, कारण रक्कम पूर्ण नाही. अठरा युरोंसाठी पुन्हा ए-टू फॉर्म, पुन्हा बाबांची बँकेत फेरी, मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या. अपॉइंटमेंट हुकली ती हुकलीच. खात्याची सुरुवातीची फी, महिन्याची फी, मधल्या बँकेची कात्री, सगळं धरून शंभरेक युरो वर राहू द्या. उरले तर तुमचेच आहेत.

आता मामेभाऊ. ती ‘सही’ म्हणजे फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग, निवास कायद्याच्या कलम ६८ खालचं हमीपत्र. मार्ग पूर्ण कायदेशीर आहे आणि चांगलाही. पण ती आपल्याकडच्या शंभराच्या स्टॅम्पपेपरसारखी नसते. त्याला स्वतःच्या शहरातल्या कार्यालयात स्वतः जावं लागतं, पगारपत्रकं, घराचा करार दाखवावा लागतो. त्याच्या घरात किती माणसं अवलंबून आहेत ते मोजून, तुमच्यासाठी पुरेसं उरतं का ते बघितलं जातं. नुकतंच बाळ झालं असेल, बायको रजेवर असेल, तर पगार चांगला असूनही नकार येऊ शकतो. आणि सही झाली की पाच वर्षं तो बांधला जातो. तुमच्यावर सरकारने काही खर्च केला, आजारपणाचा, राहण्याचा, तर वसुली त्याच्याकडून. ‘आता आमचं पटत नाही’ म्हणून मागे घेता येत नाही. मामांच्या घरचं नातं आहे, म्हणून म्हणते: हे सगळं त्याला आणि वहिनीला आधी समजावून सांगा. त्यानंतरही तो तयार असेल तर तुमची काळजी मिटली. पण तुमचा खड्डा १,५६० चा असताना मी असते तर त्याच्याकडे गेले नसते.

कागदांत विसंगती नको, यावर जरा थांबते, कारण नकार येतात ते बहुतेक पैसे कमी असल्याने नाही, कागद एकमेकांशी न बोलल्याने. करारात आठवड्याला सोळा तास आणि पगारपत्रकात वीस. पत्ता नोंदणीत एक, स्टेटमेंटवर दुसरा. पगार जूनपासून आणि करारावर तारीख ऑगस्टची. विमा कंपनीचे तीन हप्ते थकलेले, जे पत्रात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि मुलं ती ओळ वाचतच नाहीत. प्रत्येकाला साधं कारण असतं, पण अधिकाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि विचारायला वेळही नसतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक पानी हिशोब लिहायला लावते, जर्मनमध्ये, फायलीच्या सगळ्यात वर ठेवायला. कुठल्या कायदेशीर यादीत तो नाही, पण काम करतो. वर नाव, पासपोर्ट क्रमांक, परवाना कधी संपतो. खाली चार ओळी: ‘नक्त पगार महिना ८६२, करार अमुक तारखेपर्यंत, पाहा कागद १ ते ४. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिना १३०, बारा महिने, पाहा कागद ५. एकूण ९९२. आरोग्य विमा चालू, थकबाकी नाही, पाहा कागद ६.’ आणि काही वाकडं असेल तर ते आपणच लिहायचं: ‘जुलैत पगार कमी दिसतो, कारण परीक्षांसाठी बिनपगारी रजा घेतली होती.’ दिवसाला पंधरा फायली बघणाऱ्या माणसाला बेरीज करून दिली की तो ती तपासतो. नाही दिली तर ‘कागद अपुरे’ असं पत्र पाठवतो, त्यात तुमचे पाच आठवडे जातात.

वेळेचं म्हणाल तर दहा आठवडे पुरेसे आहेत, पण आज सुरुवात केली तर. अर्ज परवाना संपण्याच्या आत पोहोचला पाहिजे, निर्णय नंतर आला तरी चालतो. वेळेत अर्ज केला की कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाने जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू मानला जातो, नोकरीच्या परवानगीसकट. एक दिवस उशीर झाला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून थांबू नका. ऑनलाइन किंवा ईमेलने अर्ज पाठवा, पोच जपून ठेवा. करार वाढल्याचं पत्र आलं नसेल तरी अर्ज जाऊ द्या, ‘कागद नंतर देतो’ असं लिहून. परवाना सहसा दोन वर्षांचा मिळतो. किती काळाचे पैसे दाखवायचे हे कार्यालय ठरवतं. यादीत स्पष्ट नसेल तर ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून फायलीत लावा.

राहिलं बहिणीचं लग्न. नवा परवाना हातात यायच्या आधी जायचं असेल, तर कार्यालयाकडून फिक्सियोन्सबेशायनिगुंग मागून घ्या. जुना परवाना अजून चालू आहे, याचा तो तात्पुरता दाखला. त्याच्या आत तीन चौकटी असतात. खूण कलम ८१, उपकलम ४ च्या चौकटीवर असेल तर जुनं कार्ड आणि पासपोर्ट बरोबर ठेवून परत येता येतं. तिसऱ्या उपकलमावर खूण असेल तर भारतातून परत आत येता येत नाही, हे दिसायला क्षुल्लक वाटतं पण विमानतळावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. दाखल्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढची आहे ना, तेही बघा. आणि विमान दुसऱ्या देशातून बदलून येणार असेल तर तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला हा दाखला चालतो का ते विचारा. काउंटरवरच्या माणसाने तो कधी पाहिलेला नसतो आणि मग समजावत बसावं लागतं. जमल्यास थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं तिकीट काढा, दोनशे युरो जास्त गेले तरी.